हवामान धोरणात बाई नेमकी कुठे आहे? मसुदा वाचण्याची, दुरुस्त करण्याची आणि पैशापर्यंत नेण्याची रीत

राष्ट्रीय हवामान धोरण कुठल्याही देशाचं उघडा, प्रस्तावनेत महिलांचा उल्लेख बहुधा सापडतोच. मग शेवटची पानं काढा, जिथे कृती आराखड्याचा तक्ता असतो: उपाय, जबाबदार खातं, मुदत, निधी, निर्देशक (यश मोजायचं माप). तिथे बाई फारशी भेटत नाही. प्रस्तावनेतून कुणाला पैसे मिळत नाहीत आणि कुणाला जाबही विचारला जात नाही, म्हणून सगळी मेहनत त्या तक्त्यावर घ्यायची. पुढची पद्धत मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि हरकती-सूचना पाठवणाऱ्या संघटनांना सारखीच उपयोगी पडेल.

आधी शब्द नीट करून घ्या

लिंगभाव म्हणजे ‘महिला’ नव्हे. समाजाने बाई, पुरुष आणि पारलिंगी माणसं यांना वाटून दिलेली कामं, हक्क आणि अधिकार म्हणजे लिंगभाव. मसुद्यात या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘महिला’ घातलं की पुरुषांनी काय बदलायचं हा प्रश्नच गायब होतो.

धोरणाच्या तीन पायऱ्या असतात. पाणीटंचाईचं उदाहरण घ्या. पाणी बायका आणतात, एवढी नोंद घेणारं धोरण लिंगभाव-संवेदनशील. नळ घराजवळ आणणारं धोरण लिंगभावाला प्रतिसाद देणारं. नळ तर आणतंच, शिवाय पाणी समितीच्या खात्यावर बाईची सही बंधनकारक करतं, देखभालीचं काम तिला पगारावर देतं आणि पाणी भरणं हे घरातल्या सगळ्यांचं काम म्हणून मोजतं, ते परिवर्तन घडवणारं धोरण. स्त्रीवादी दृष्टी तिसऱ्या पायरीचा आग्रह धरते आणि प्रत्येक उपायाला एक जादा प्रश्न विचारते: ही योजना कुणाच्या फुकटच्या श्रमावर उभी आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी देखभालीच्या (घरकाम आणि मुलं, वृद्ध, आजारी यांची काळजी घेण्याच्या) कामातलं ७६.२ टक्के काम स्त्रिया करतात. ‘लोकसहभाग’ आणि ‘स्वयंसेवा’ या शब्दांवर टिकलेल्या उपायाचा भार त्यामुळे बहुतेक वेळा आधीच दमलेल्या बाईवर पडतो.

आंतरराष्ट्रीय कागदांचा आधार कसा घ्यायचा

२०१५ च्या पॅरिस करारात लिंगभावाचा उल्लेख तीन ठिकाणी आहे: प्रस्तावनेत, अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, कलम ७ मध्ये (परिच्छेद ५) आणि क्षमताबांधणीच्या कलम ११ मध्ये (परिच्छेद २). उत्सर्जन कमी करण्याच्या कलम ४ मध्ये तो नाही, वित्तपुरवठ्याच्या कलम ९ मध्येही नाही. राष्ट्रीय मसुद्यांत अनेकदा हाच साचा उतरतो. बाई शेती-पाणी-आपत्तीच्या प्रकरणात दिसते. वीज, वाहतूक, उद्योग आणि पैसा या प्रकरणांतून ती नाहीशी होते. तुमचा वेळ मर्यादित असेल तर आधी हीच रिकामी प्रकरणं घ्या.

आधाराला चार दुवे जवळ ठेवा. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत लिंगभावावरचा लिमा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ मध्ये बॉनच्या परिषदेत पहिली लिंगभाव कृती योजना मंजूर झाली. २०१९ मध्ये माद्रिदला कार्यक्रम आणि योजना दोन्ही अधिक सविस्तर झाल्या आणि २०२४ मध्ये बाकूला कार्यक्रमाची मुदत दहा वर्षांनी वाढली. यांच्या जोडीला स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या कराराखालील समितीची २०१८ ची शिफारस क्र. ३७ आहे, जी आपत्ती आणि हवामान बदलावरच आहे. तिचा खास फायदा असा की त्या समितीपुढे देशाला वेगळा अहवाल द्यावा लागतो. हवामान खात्याने न ऐकलेली सूचना त्या अहवालाच्या वाटेने पुन्हा मांडता येते.

मसुदा वाचायची पद्धत

मसुद्याची शोधता येणारी प्रत घ्या. महिला, स्त्री, लिंगभाव, मुली, कुटुंब, लाभार्थी, असुरक्षित, समुदाय हे शब्द एकेक करून शोधा आणि प्रत्येक उल्लेखाची एक ओळ करा. रकाने पाच ठेवा: पान, प्रकरण, पूर्ण वाक्य, बाई कोणत्या भूमिकेत आहे, वाक्याचं क्रियापद काय आहे. भूमिका चारच: बळी, लाभार्थी, राबणारी, निर्णय घेणारी. वर्गवारी दोघांनी वेगवेगळी करावी आणि मग जुळवून पाहावी. मतभेद झालेली वाक्यं बहुधा मुद्दाम संदिग्ध लिहिलेली असतात आणि दुरुस्ती तिथेच सुचवायची असते.

क्रियापदांकडे बारकाईने बघा. ‘प्रोत्साहन दिले जाईल’, ‘विचारात घेतले जाईल’, ‘शक्य तेथे समावेश केला जाईल’ या वाक्यांना कर्ता नाही, त्यामुळे काम झालं नाही तरी दोषी कुणीच ठरत नाही. ‘राखून ठेवेल’, ‘नोंदवेल’, ‘मंजुरीपूर्वी तपासेल’ या क्रियापदांना खातं जोडता येतं. ‘महिला, बालके, वृद्ध व दिव्यांग’ अशी एका दमात म्हटलेली यादी दिसली की थांबा. त्या यादीतल्या प्रत्येकाची गरज वेगळी असते. शिवाय एकच बाई वृद्ध, दिव्यांग, भूमिहीन आणि अल्पसंख्य जमातीतली असू शकते. एकावर एक चढलेले हे भेदभाव यादीत दिसतच नाहीत. ही यादी फोडून प्रत्येक गटासाठी वेगळा उपाय मागा.

आकडे: कुटुंबप्रमुख नावाचा सापळा

बहुतेक सर्वेक्षणं कुटुंबप्रमुखाला विचारतात आणि ‘स्त्रीप्रमुख’ व ‘पुरुषप्रमुख’ कुटुंबांची तुलना करून मोकळी होतात. ही तुलना निरुपयोगी नाही. अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालात तिच्याच आधारे दिसलं की उष्णतेच्या ताणामुळे ग्रामीण स्त्रीप्रमुख कुटुंबांचं उत्पन्न पुरुषप्रमुख कुटुंबांपेक्षा सरासरी ८ टक्के जास्त घटतं आणि पुरामुळे ३ टक्के जास्त. पण पुरुषप्रमुख घरात राहणाऱ्या बायका या आकड्यांत कुठेच नाहीत आणि बहुसंख्य बायका तर तिथेच राहतात. त्यामुळे मसुद्यात ‘लिंगनिहाय आकडेवारी गोळा केली जाईल’ एवढं लिहून घेऊ नका. ‘प्रत्येक निवडलेल्या घरातील एक प्रौढ स्त्री व एक प्रौढ पुरुष यांची स्वतंत्र मुलाखत’ असं लिहून घ्या.

वेळ मोजायला चोवीस तासांची दिनचर्या नोंदवही वापरा. तिच्यात दहा किंवा पंधरा मिनिटांचे खण ठेवा आणि प्रत्येक खणात दोन कामांना जागा द्या: मुख्य आणि सोबतचं. एकच काम लिहायला जागा दिली की मुलाकडे बघत सरपण फोडणारी बाई फक्त सरपण फोडताना दिसते आणि देखभालीचे तास निम्म्याने पुसले जाऊ शकतात. नोंद वर्षातून किमान दोनदा घ्या, एकदा टंचाईच्या काळात आणि एकदा सुगीच्या काळात. एकाच हंगामातला आकडा पायाभूत म्हणून धरला तर पुढे दिसलेली सुधारणा योजनेची की पावसाची, हे कुणालाच सांगता येत नाही.

रिकाम्या प्रकरणांत काय मागायचं

वीजनिर्मितीपासून सुरुवात करा. कोळसा खाण किंवा औष्णिक केंद्र बंद होतं तेव्हा भरपाईची यादी हजेरीपटावरून निघते आणि हजेरीपटावर बहुतांशी पुरुष असतात. त्या पगारावर जगणारी खानावळ, धुणीभांडी, भाड्याच्या खोल्या, रस्त्याकडेची विक्री ही कामं त्याच दिवशी बसतात, पण त्यांची नोंद कुठेच नसल्याने यादीत त्यांचं नाव येत नाही. म्हणून बंद करण्याचा आदेश निघण्याआधी ठरावीक परिघातल्या अनौपचारिक रोजगाराची गणना बंधनकारक करा. आदेशानंतर गणना केली की तोवर लोक गाव सोडून गेलेले असतात. नव्या ऊर्जेतल्या नोकऱ्या आपोआप बायकांकडे जात नाहीत. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत अक्षय ऊर्जा क्षेत्रात स्त्रियांचं प्रमाण ३२ टक्के होतं. तेल-वायू उद्योगातल्या २२ टक्क्यांपेक्षा ते बरं, पण प्रशासकीय कामात ४५ टक्के असलेला त्यांचा वाटा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कामांत २८ टक्क्यांवर येतो. तेव्हा राखीव जागा मागताना ‘एकूण नोकऱ्यांत’ असं न लिहिता ‘तांत्रिक पदांत’ असं लिहा.

स्वयंपाकाच्या इंधनात मोजमाप चुकतं. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये अंदाजे ३२ लाख मृत्यू झाले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी योजनेचं यश बहुधा वाटलेल्या शेगड्या आणि दिलेल्या जोडण्यांवरून ठरतं. जोडणी एकदाच मिळते, इंधन मात्र दर महिन्याला विकत घ्यावं लागतं आणि तो खर्च करायचा की नाही हे घरात नेहमी स्वयंपाक करणारी ठरवत नाही. निर्देशक ‘दर घरी वर्षाला भरून घेतलेली इंधनाची टाकी’ असा ठेवला की हे लगेच उघड होतं.

वाहतुकीच्या प्रकरणात विजेवरच्या मोटारींच्या अनुदानाला पानंच्या पानं असतात. ते अनुदान गाडी घेऊ शकणाऱ्याला मिळतं. मूल शाळेत सोडणं, दवाखाना, बाजार आणि मग काम अशा तुकड्यातुकड्यांच्या, गर्दीच्या वेळेबाहेरच्या फेऱ्या बायकांना जास्त कराव्या लागतात. प्रवास सर्वेक्षणात ‘मुख्य कारण: नोकरी’ एवढाच पर्याय असला की या फेऱ्या मोजल्याच जात नाहीत. देखभालीसाठीचा प्रवास हा वेगळा गट सर्वेक्षणात मागा. तिकीट फेरीवर न ठेवता वेळेवर ठेवण्याची मागणी करा, म्हणजे वाटेत तीनदा उतरणाऱ्या बाईला तीन तिकिटं काढावी लागणार नाहीत.

जंगल आणि कार्बनच्या (झाडं राखल्याबद्दल पैसे देणाऱ्या) प्रकल्पात करारावर सही कुणाची, एवढंच आधी बघा. मालकी ज्याच्या नावावर त्याला पैसा मिळतो आणि सरपणबंदीने लांबलेली पायपीट मात्र तिच्या वाट्याला येते. संयुक्त नावं आणि प्रत्येक प्रौढाच्या स्वतंत्र खात्यात वाटा, या दोन अटी करारापूर्वी घालून घ्या. पैसा एकदा वाटला गेला की त्या घालता येत नाहीत.

आपत्तीच्या प्रकरणात बाई असते खरी, पण बळी म्हणून. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळात सुमारे १,४०,००० माणसं गेली. २० ते ४४ या वयोगटात मृत्यूचं प्रमाण पुरुषांत हजारी १५ होतं आणि स्त्रियांत ७१. याचं कारण शरीराच्या दुबळेपणात शोधू नका. इशारा सार्वजनिक जागी दिला गेला आणि तिथे पुरुष होते. मुलं आणि घर सोडून निघायचं की नाही हे तिच्या हातात नव्हतं. निवाऱ्यातल्या गर्दीत परक्या पुरुषांसोबत राहण्याचा संकोच आणि भीतीही होती. पुढे तिथे स्वयंसेवकांत स्त्रिया घेतल्या गेल्या आणि निवाऱ्यांत त्यांच्यासाठी वेगळी जागा करण्यात आली. तुमच्या मसुद्यात याची भाषांतरं अशी होतात: इशारा घरातल्या किमान दोन प्रौढांच्या फोनवर, फोन नसलेल्या घरी प्रत्यक्ष निरोप, स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया, निवाऱ्यात आतून कडी लागणारी खोली, वेगळं शौचालय, तिथवर जाणाऱ्या वाटेवर दिवा, पाळीचं साहित्य, आणि मृत्यूंची नोंद लिंग, वय व अपंगत्वानुसार. दिव्याचा खर्च किरकोळ असतो, पण दिवा नसल्याने बाई रात्री निवाऱ्यात येतच नाही.

एक वाक्य दुरुस्त करून पाहू

मसुद्यातलं नेहमीचं वाक्य असं असतं: ‘महिला शेतकऱ्यांना हवामान-अनुकूल शेतीचे प्रशिक्षण देण्यास प्रोत्साहन दिले जाईल.’

हे वाक्य चार ठिकाणी गळतं. प्रशिक्षण कोण देणार ते नाही. शेतकरी कोण, हे जमिनीच्या नोंदीवरून ठरत असेल तर नाव नसलेली बाई दारातूनच परत जाते. शिकून आल्यावर बियाणं बदलायला कर्ज लागतं आणि तारण नसल्याने ते मिळत नाही. आणि वर्ग दुपारी, तालुक्याच्या ठिकाणी, पेरणीच्या आठवड्यात ठेवला तर येणारच कोण?

दुरुस्त वाक्य असं: ‘कृषी खाते दरवर्षी प्रशिक्षणाच्या किमान निम्म्या जागा स्त्रियांसाठी ठेवेल, पात्रतेसाठी जमिनीची मालकी आवश्यक नसेल, शेतात काम करत असल्याचे स्थानिक प्रमाणपत्र पुरेसे असेल, वर्ग गावात, त्या गावातील स्त्रियांनी सुचवलेल्या वेळी व पाळणाघरासह होतील, प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या स्त्रीस विनातारण कर्ज व पीकविमा स्वतःच्या नावाने मिळेल, यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असेल.’ (लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातली स्वतंत्र ओळ.) वाक्य लांब झालं, पण त्यातला प्रत्येक स्वल्पविराम एकेक पळवाट बंद करतो.

निर्देशकही बदला. ‘प्रशिक्षित महिलांची संख्या’ फक्त हजेरी मोजते. त्याऐवजी दोन वर्षांनी स्वतःच्या नावाने विमा वा कर्ज मिळालेल्या स्त्रियांचं प्रमाण मोजा आणि त्याच स्त्रियांचे बिनपगारी कामाचे तास वाढले की घटले तेही मोजा. उत्पन्न वाढलं आणि कामाचे तास चारने वाढले, तर ती योजना तिच्या झोपेवर चाललेली असते.

सल्लामसलत

एका मोठ्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं की बायका मागच्या रांगेत बसून परत जातात. आठ ते बारा जणींचे वेगळे गट करा, त्यात भूमिहीन, पारलिंगी आणि दिव्यांग व्यक्तींच्या बैठका निराळ्या ठेवा आणि बैठक चालवणारी व्यक्ती स्थानिक बोली जाणणारी असू द्या. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी रोख द्या. कागदपत्रं मागून नंतर खात्यात देऊ म्हटलं की सर्वांत गरीब बाई दुसऱ्या बैठकीला येत नाही. मसुदा किमान तीन आठवडे आधी, चार पानांच्या सोप्या सारांशासह पोचवा. शेवटी प्रत्येक सूचनेसमोर ‘स्वीकारली’ किंवा ‘नाकारली, कारण’ असा तक्ता प्रसिद्ध करण्याची अट घाला. हा तक्ता नसला की सल्लामसलत झाली एवढंच सिद्ध होतं.

समित्यांबाबत फक्त सदस्यसंख्येचं आरक्षण पुरत नाही. ठरावीक संख्येने स्त्रिया हजर असल्याखेरीज गणसंख्या पूर्ण धरू नये, हा नियम जास्त चालतो, कारण मग बैठकीची वेळ त्यांना जमेल अशी ठेवावीच लागते.

जमीन, पैसा किंवा पद बाईच्या हाती आलं की घरात आणि गावात तिच्यावर हिंसा होण्याचा धोका असतो. तो गृहीत धरून गोपनीय तक्रारीची सोय, तक्रार घेणारी स्त्री अधिकारी आणि निकालाची मुदत उपायातच लिहा. बायकांनी हक्क मागू नये असा याचा अर्थ कुणी काढू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

पैसा

मदतीच्या निधीला लिंगभावाची खूण लावायची पद्धत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने रूढ केली आहे: समानता हे उद्दिष्टच नसेल तर शून्य, महत्त्वाचं पण दुय्यम उद्दिष्ट असेल तर एक, मुख्य उद्दिष्ट असेल तर दोन. फसगत ‘एक’मध्ये होते. शंभर भागांच्या प्रकल्पात बचत गटासाठी पाच भाग असले तरी बेरजेत सगळे शंभर धरले जातात आणि खात्याचा आकडा फुगतो. म्हणून खुणेसोबत प्रत्यक्ष तरतुदीचा वेगळा रकाना मागा आणि बेरीज त्याच रकान्याची करा.

अंदाजपत्रकात या ओळी स्वतंत्र दिसल्या पाहिजेत: पाळणाघर, प्रवासखर्च, आकडेवारी, तक्रार यंत्रणा आणि पूर्णवेळ लिंगभाव तज्ज्ञ. ‘प्रशासकीय खर्चातून भागवू’ हे उत्तर स्वीकारू नका, कारण पहिली कपात तिथेच होते. हरित हवामान निधीकडे (विकसनशील देशांच्या हवामान प्रकल्पांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) जाणाऱ्या प्रस्तावाला लिंगभाव विश्लेषण आणि कृती योजना जोडावी लागते. सल्लागार ती शेवटच्या पंधरवड्यात लिहून चिकटवतात, मग मुख्य प्रकल्पाच्या तक्त्याशी तिचा मेळ बसत नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळते का ते तपासा.

स्त्रियांच्या लहान संघटनांपर्यंत निधी पोचत नाही त्याची कारणं अटींत सापडतात: तीन वर्षांचं लेखापरीक्षण, स्वतःचा हिस्सा, खर्च आधी आणि परतफेड नंतर. लहान अनुदानासाठी या तीन अटी शिथिल करा आणि रक्कम टप्प्याटप्प्याने आगाऊ द्या.

कुणाच्या टेबलावर, कोणत्या महिन्यात

देशाने लिंगभाव आणि हवामान बदलासाठी समन्वय अधिकारी नेमावा असं २०१६ पासून अपेक्षित आहे. हे पद बहुधा कनिष्ठ अधिकाऱ्याकडे जादा काम म्हणून जातं. नेमणुकीच्या आदेशात तीन गोष्टी हव्यात: आंतरमंत्रालयीन समितीत मत, प्रत्येक क्षेत्राच्या मसुद्यावर मंजुरीपूर्व सही, स्वतंत्र निधी. जमेल तितकं कायद्यात घाला. स्वीडनने २०१४ मध्ये जाहीर केलेलं स्त्रीवादी परराष्ट्र धोरण २०२२ मध्ये सरकार बदलताच सोडून दिलं गेलं. धोरण म्हणून लिहिलेली गोष्ट एका घोषणेने जाते, कायद्यातलं कलम काढायला संसदेत उभं राहावं लागतं.

पॅरिस कराराखाली देशाला राष्ट्रीय योगदानाचा आराखडा (उत्सर्जन किती आणि कसं कमी करणार याची योजना) दर पाच वर्षांनी द्यावा लागतो आणि तो संबंधित हवामान परिषदेच्या किमान ९ ते १२ महिने आधी पोचावा अशी अपेक्षा आहे. सगळ्या देशांच्या एकत्रित प्रगतीचा पुढचा जागतिक आढावा २०२८ मध्ये आहे आणि त्यानंतरची योगदानं २०३० च्या सुमारास येतील. सादर करण्याच्या तारखेपासून मागे मोजा: २४ महिने आधी दिनचर्येची पहिली नोंद, १८ महिने आधी गटांच्या बैठका, १२ महिने आधी क्षेत्रनिहाय वाक्यं खात्यांच्या हाती, ८ महिने आधी अर्थ खात्याशी लेखाशीर्षांची बोलणी. अर्थ खात्याकडे याहून उशिरा जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण तोवर रकमा ठरलेल्या असतात.

याच कराराखाली प्रगतीचा पारदर्शकता अहवाल दर दोन वर्षांनी जातो. पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. तुमचे निर्देशक या अहवालाच्या साच्यात आधीच घालून घ्या. माहिती गोळा करणाऱ्या खात्याला रिकामा रकाना दिसला तरच ते आकडा मागवतं. आकडा आला नाही तर रकाना वगळू न देता ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापून घ्या आणि पुढच्या हरकतीत त्याच ओळीचा क्रमांक टाका.